सात मिनिटांचा कापूस : शाळेचा बँड बसवून देणाऱ्या चमूबद्दल

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमचे गाव आहे आणि गावातल्या माध्यमिक शाळेला गेली अनेक वर्षे स्वतःचा बँड आहे. आठ साइड ड्रम, दोन मोठे ड्रम, झांजांच्या दोन जोड्या, सहा बिगुल आणि सहा बासऱ्या एवढा त्याचा पसारा. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी आणि गावातल्या दिंडीपुढे तो वाजतो. या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तालुक्याच्या ठिकाणी शालेय बँडची स्पर्धा होणार होती. तिच्यासाठी आम्ही प्रथमच बाहेरचा चमू बोलावला. हा तीन प्रशिक्षकांचा चमू नागपूरहून येतो आणि शाळांना स्पर्धेचे सादरीकरण बसवून देतो. वादन, कवायत आणि पोशाख-साहित्य अशी कामे त्यांनी आपसांत वाटून घेतली आहेत. दहा आठवडे, दर शनिवार-रविवार, जाण्यायेण्यासह पंचेचाळीस हजार रुपये असा व्यवहार ठरला आणि ही रक्कम लोकवर्गणीतून उभी राहिली. चमूचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारही आहे आणि त्यांची बाजू या मजकुरात त्यांच्या तोंडून आलेली नाही. पण अशी सेवा घेण्याचा विचार करणाऱ्या शाळांना आमचा अनुभव तपशिलाने कळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. महाविद्यालयात असताना एन.सी.सी.च्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवला होता, आणि गेली दहा-बारा वर्षे अमेरिकेतील ड्रम कोअरच्या, म्हणजे ड्रम आणि पितळी वाद्यांच्या मोठ्या मैदानी बँडच्या, स्पर्धा मोबाइलवर पाहत आलो आहे. तिकडे एकवीस-बावीस वर्षांपर्यंतची मुले उन्हाळाभर एकत्र राहून फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम घोटतात आणि ऑगस्टमध्ये अंतिम फेरीत उतरतात. हे सांगण्याचे कारण असे की, या चमूने आमच्यापुढे जे ठेवले आणि त्यावर गावाने जे म्हटले, त्यातला जवळजवळ प्रत्येक वाद तिकडे पन्नास वर्षांपासून चालू आहे.

चमूचा प्रस्ताव ऐकून पहिल्या बैठकीत सगळे गप्प झाले. नेहमीचे संचलन नको, ओळखीची देशभक्तिपर धून नको, लाल कोट आणि तुऱ्याची टोपी नको. सात मिनिटांत कापसाचे एक वर्ष दाखवायचे. पेरणी, पावसाची ओढ, वेचणी आणि बाजार असे चार भाग. बँडमध्ये सहा खंजिऱ्या वाढवायच्या, मध्यभागी सर्व वाद्ये जमिनीवर ठेवून वीस सेकंद पूर्ण शांतता ठेवायची, आणि दोन ध्वनिक्षेपकांवरून ध्वनिमुद्रित निवेदन ऐकवायचे. एका ज्येष्ठ काकाजींनी तिथेच विचारले, "हा बँड व्हय का नाटक?" प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर चमूने नीट दिले नाही. स्पर्धेच्या गुणपत्रिकेत 'एकूण परिणाम' या रकान्याला वजन आहे, एवढेच ते म्हणाले. ते खोटे नव्हते. अमेरिकेतील स्पर्धेतही शंभरपैकी चाळीस गुण एकूण परिणामाला आणि प्रत्येकी तीस गुण दृश्य व संगीत यांना असतात. पूर्वी तिथे प्रत्येक चुकीमागे गुण कापण्याची पद्धत होती. ती १९८४ पासून गेली आणि रचनाकारांना धाडस करायला मोकळीक मिळाली. पण वर्गणी देणाऱ्या माणसाला गुणपत्रिका दाखवून भागत नाही. त्याला आपल्या गावाचा बँड आपला वाटला पाहिजे.

आधी जे उत्तम होते ते सांगतो, आणि ते बरेच आहे.

दुसऱ्या रविवारी वादन-प्रशिक्षकांनी सरावच ठेवला नाही. साइड ड्रमच्या आठही मुलांना घेऊन ते गावाबाहेरच्या एका शेतात गेले आणि वेचणी करणाऱ्या बायांच्या हातांकडे तासभर बघत बसले. अनुभवी बाई दोन्ही हातांनी वेचते. उजव्या हाताची दोन बोंडे, डाव्या हाताचे एक, मग मूठ ओटीकडे वळते आणि त्या वळण्यात अर्ध्या मात्रेची उसंत असते. मुलांनी ती लय आधी मांडीवर, मग पाटीवर, मग ड्रमवर उतरवली: उजवा-उजवा-डावा आणि थांब, उजवा-उजवा-डावा आणि थांब. सादरीकरणातल्या वेचणीच्या भागात आठ ड्रम हीच लय थोड्या थोड्या अंतराने सुरू करतात, जशा ओळीओळीने पुढे सरकणाऱ्या बाया असतात. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका आजीचे हात ते ऐकताना नकळत हलत होते, हे मी स्वतः पाहिले.

बिगुलाचे त्यांनी जे केले तेही मोलाचे आहे. आपल्या शाळांमधल्या बिगुलाला कळ नसते. ओठांच्या ताणावर जे पाचेक स्वर निघतात तेवढ्यावरच भागवावे लागते, म्हणून ओळखीची धून त्यावर वाजवायला गेले की ती लंगडी वाजते. चमूने बिगुलावर धून वाजवायचा हट्टच सोडला आणि सहा बिगुलांचा एक लांब, भरीव, खालून वर चढणारा आवाज जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, भोंग्यासाठी वापरला. थंडीत पितळी वाद्याचा स्वर उतरतो, म्हणून वाजवण्याआधी दहा मिनिटे नळीत नुसती गरम हवा फुंकायची सवयही मुलांना लावली. यापूर्वी आमच्या शाळेत हे कोणी शिकवले नव्हते.

मैदानावर उभे राहण्याचे शास्त्रही मुले याच काळात शिकली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे तीस मीटर मागे वाजलेला ठोका पुढच्या रांगेपर्यंत यायला ०.०९ सेकंद लागतात, आणि मिनिटाला १२० च्या चालीत तेवढे अंतर ठोक्याच्या सहाव्या भागाएवढे होते. एवढा फरक साध्या कानालाही बोचतो. त्यामुळे मोठे ड्रम मागे ठेवून मागच्या मुलांनी डोळे निर्देशकाच्या हातावर ठेवायचे आणि पुढच्यांनी हाताकडे न पाहता मागचा आवाज कानांनी धरायचा, म्हणजे दोन्ही आवाज प्रेक्षकांपर्यंत एकत्र पोहोचतात. अमेरिकेतल्या मैदानांवर हेच तंत्र वापरतात. आमचा बँड इतकी वर्षे पुढे-मागे फाटत का होता, याचे उत्तर आम्हाला या वर्षी मिळाले. पंचेचाळीस हजारांपैकी निम्मे पैसे माझ्या हिशेबाने इथेच वसूल झाले.

आता टीकेकडे वळतो. सहाव्या आठवड्यात, आमच्या आग्रहावरून, शाळेच्या पटांगणावर गावासमोर पूर्ण सादरीकरण झाले आणि त्या संध्याकाळी चार गोष्टींवर लोक तुटून पडले. चारही टीकांना मी एका मापाने मोजत नाही.

सर्वांत गंभीर टीका बाजाराच्या भागावर होती. मूळ रचनेत कापसाचा भाव पडतो, ड्रम एकेक करून गप्प होतात, आणि एक मुलगा खांद्यावरचा दोर हातात घेऊन मैदानाच्या मध्यभागी उभा राहतो, असा शेवट होता. दोराचे पुढे काय होणार हे दाखवायचे नव्हते. पण यवतमाळ जिल्ह्यात ते दाखवावे लागतही नाही. पटांगणावर कुजबुज थांबली. बँडमधल्या मुलांपैकी काहींच्या घरी हे घडून गेलेले आहे, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चमूला ते ठाऊक नव्हते आणि त्यांनी विचारलेही नव्हते. सादरीकरण संपल्यावर एक आई पुढे आली आणि प्रशिक्षकांना एवढेच म्हणाली, "आमच्या घरचं दुखणं लेकरायच्या हाती नका देऊ, सर." प्रशिक्षकांनी वाद घातला नाही. त्याच संध्याकाळी मुले घरी जायच्या आत दोर काढला गेला, आणि पुढच्या शनिवारी नवा शेवट आला. त्यात गप्प झालेले ड्रम पुन्हा पेरणीच्या पहिल्या चार मात्रांवर येतात आणि सर्व मुले मैदानाच्या कडेने ओळीत बी टोबत जातात. हा शेवट पहिल्यापेक्षा संगीतदृष्ट्याही चांगला होता, कारण वर्तुळ पूर्ण होत होते. त्यांनी ऐकले याचे श्रेय मी त्यांना पूर्ण देतो. मात्र गावात पाऊल ठेवल्यावर पहिल्या दिवशी जे विचारायला हवे होते, ते सहाव्या आठवड्यात एका आईला सांगावे लागले, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी टीका शांततेवर होती. पावसाची ओढ दाखवताना मुले वाद्ये खाली ठेवतात, मान वर करतात आणि वीस सेकंद काही होत नाही. त्या दिवशी पाचव्या सेकंदाला कोणीतरी ओरडले, "पोट्टे वाजवत काहून नाईत?" आणि हशा पिकला. मुले डगमगली, दोघांनी ड्रमकडे हात नेले. नंतर चावडीवर दोन दिवस हीच चर्चा होती की पंचेचाळीस हजार देऊन मुलांना गप्प उभे राहायला शिकवले. इथे मात्र मी चमूच्या बाजूने उभा राहिलो आणि आजही आहे. त्या वीस सेकंदांनंतर एका मुलीचे बोट खंजिरीच्या चामड्यावर एकदाच पडते. मग दुसरीचे, मग लांब कोपऱ्यातून तिसरीचे, मग सहाही खंजिऱ्यांवर बोटांची टपटप, आणि ती दाट होत होत साइड ड्रमच्या कडांवर उतरते. आधीची शांतता नसेल तर तो पहिला थेंब ऐकूच येत नाही. मृग कोरडा गेल्यावर अंगणात खाट टाकून आकाशाकडे बघणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागू नये. शिवाय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्या वऱ्हाडात घराघरांत पोहोचली, तिथल्या शाळेच्या बँडमध्ये ती आजवर का नव्हती, असे मला उलट वाटले.

अनोळखी रचनेला पहिल्यांदा मिळणारा प्रतिसाद नेहमी न्याय्य नसतो, याचे तिकडचे उदाहरण माझ्या मनात होते. १९९१ चे विजेतेपद मिळवलेल्या स्टार ऑफ इंडियाना या कोअरने १९९३ मध्ये बार्टोक आणि बार्बर या संगीतकारांच्या कठोर, अवघड संगीतावर कार्यक्रम बसवला. टाळ्यांसाठी जागा ठेवणारे ओळखीचे क्षण त्यात जवळजवळ नव्हते. प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवल्याच्या आठवणी आजही सांगितल्या जातात. जॅक्सन येथील अंतिम फेरीत ते अवघ्या ०.१ गुणाने दुसरे आले आणि त्यानंतर स्पर्धेतूनच बाहेर पडले. त्याच मंडळींच्या कामातून पुढे 'ब्लास्ट' हा रंगमंचीय प्रयोग उभा राहिला, ज्याला २००१ मध्ये अमेरिकी रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि १९९३ चा तो कार्यक्रम आज त्या क्षेत्रातल्या सर्वांत प्रभावी कार्यक्रमांमध्ये धरला जातो. मला मात्र त्यातली एक गोष्ट सतत खुपते. रचना प्रौढांनी केली होती आणि हुर्यो विशीच्या आसपासच्या मुलांच्या कानांवर पडली. आमच्या पटांगणावरही तेच झाले. पहिल्या थेंबाचे बोट ज्या मुलीचे होते, ती त्या रात्री रडली आणि पुढच्या शनिवारी यायला तयार नव्हती. बोलायचे असेल तर रचना करणाऱ्यांशी आणि त्यांना बोलावणाऱ्या आमच्या समितीशी बोला, पण मैदानावर उभ्या असलेल्या लेकरांना ओरडू नका, असे मी ग्रामसभेत उभे राहून सांगितले.

पोशाखाबद्दल थोडक्यात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी करून दिलेले लाल कोट बाजूला ठेवून साधे पांढरे सदरे घातले गेले. दिसायला ते शोभले, आणि तिकडे ब्लूकोट्स या कोअरने २०१६ मध्ये टोप्यांशिवाय उतरून आपले पहिले विजेतेपद मिळवलेच होते. पण ज्यांनी कोट दिले त्यांना आधी एक निरोप जायला हवा होता. ती चूक चमूची नाही, आमची आहे.

चौथी टीका निवेदनावर होती, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. सात मिनिटांपैकी जवळजवळ अडीच मिनिटे ध्वनिक्षेपकावरून एका पुरुषाचा भारदस्त, पुस्तकी आवाज ऐकू येत होता: बळीराजा, काळी आई, घामाचे मोती. बासऱ्यांचा नाजूक आवाज त्याखाली पूर्ण बुडत होता. पटांगणावर एका शेतमजूर काकूंनी नेमके बोट ठेवले: "रेडिओच वाजवाचा व्हता त पोट्ट्यायले थंडीत काहाले उभं केलं?" याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की निवेदनाशिवाय विषय कळणार नाही. मी त्यांना विचारले, सर, वेचणीची लय ऐकून आजीचे हात हलले, खंजिरीत पाऊस ऐकू आला, भोंगा वाजला तेव्हा सगळ्यांनी जिनिंगच्या दिशेने मान वळवली. मग आणखी कोणता विषय कळायचा राहिला? त्यांच्याकडे उत्तर नव्हते. निवेदन मिनिटभराने कमी झाले, पण गेले नाही.

हा वादही जुनाच आहे. तिकडे ध्वनिवर्धनाला २००४ पासून परवानगी मिळाली, आणि २००५ चे विजेते असलेल्या कॅडेट्स या कोअरने पुढच्या काही वर्षांत कार्यक्रमांमध्ये बोलणे आणि निवेदन मोठ्या प्रमाणावर आणले. त्यावर प्रेक्षक अक्षरशः वैतागले. त्यांचा राग नाट्याविरुद्ध नव्हता. तसे असते तर २००८ मध्ये फँटम रेजिमेंट या कोअरच्या 'स्पार्टाकस'ला त्यांनी डोक्यावर घेतले नसते. गुलामांच्या बंडाची ती पूर्ण कथा मैदानावर घडत होती, शेवटी मुलांनी स्वतः 'मीच स्पार्टाकस' अशी आरोळी ठोकली, आणि ९८.१२५ विरुद्ध ९८.१०० अशा ०.०२५ गुणांच्या फरकाने विजेतेपद त्यांना मिळाले. तिथे शब्द होते, पण ते मुलांच्या घशातून आले होते आणि कार्यक्रमाच्या शेवटाकडे आले होते. आमच्या सादरीकरणातले शब्द आधी येऊन वादनाचा अर्थ सांगत होते. रचनाकाराचा स्वतःच्या रचनेवर आणि प्रेक्षकाच्या समजुतीवर विश्वास नसला की असे होते, असे माझे ठाम मत आहे, आणि ज्या प्रशिक्षकांनी तासभर शेतात बसून वेचणीची लय मिळवली त्यांच्याकडून हा अविश्वास यावा याचे मला वाईट वाटले.

स्पर्धेत नऊ शाळांमध्ये आमचा तिसरा क्रमांक आला. शांततेच्या वीस सेकंदांत मैदानाबाहेरचा चहावालासुद्धा थांबला होता, आणि रडलेल्या त्या मुलीचे बोट अगदी वेळेवर पडले. परीक्षकांच्या शेऱ्यात ताल आणि खंजिरीच्या वापराचे कौतुक होते, आणि एक ओळ अशी होती की ध्वनिमुद्रित आवाजामुळे वादन झाकोळले जाते. काकूंना मी ती ओळ वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मंग मी का येगळं म्हटलं होतं?"

व्यवहाराबाबत चमू चोख आहे. दहा आठवड्यांत एकदाच गैरहजेरी झाली आणि ती भरून दिली. मुलांशी कोणी वरच्या आवाजात बोलले नाही. वेचणीच्या हंगामात घरच्यांना मुलांचे हात हवे असतात हे ओळखून त्यांनी रविवारचा सराव सकाळी दहाच्या आत उरकायला सुरुवात केली. ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त मागितला नाही. स्वतःचे पाहण्याजोगे काही न ठेवता पाठ केलेले संचलन विकणारे प्रशिक्षक मी पाहिले आहेत. हे लोक त्यांतले नाहीत.

त्यांच्या कामात एक उणीव राहते, ती ऐकण्याच्या वेळेची. अमेरिकेतले कोअर जूनच्या अखेरीस जो कार्यक्रम मैदानावर आणतात तो ऑगस्टपर्यंत तसाच राहत नाही. दर फेरीनंतर रचनाकार परीक्षकांशी बोलतात, प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहतात, कधी शेवटच बदलतात. या स्पर्धा भरवणारी संस्थाच मुळी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा मंडळींनी उभी केली, ज्यांना माजी सैनिकांच्या संघटनांचे कडक नियम आपल्या कल्पकतेला जाचक वाटत होते. म्हणजे रचनाकाराचे स्वातंत्र्य हा तिथला पाया आहे, आणि तरीही ते स्वातंत्र्य दर आठवड्याला प्रेक्षकांसमोर उघड्यावर तपासले जाते. आमच्या चमूच्या वेळापत्रकात गावासमोर सादरीकरण असा टप्पाच नव्हता. तो आम्ही मागून घेतला. मागितला नसता तर दोर थेट तालुक्याच्या मैदानावर गेला असता.

पुढच्या वर्षासाठी आम्ही त्यांनाच बोलावणार आहोत आणि या वेळी करार लेखी आहे. तिसऱ्या आठवड्यात रचनेचा आराखडा पालकांसमोर, पाचव्या आठवड्यात पटांगणावर पूर्ण सादरीकरण, त्यानंतर बदलांसाठी किमान तीन आठवडे, आणि कोणत्याही मुलाच्या हाती काय द्यायचे हे त्याच्या घरी विचारून, अशी कलमे त्यात आहेत. ध्वनिमुद्रित निवेदनाच्या कलमावर त्यांची सही अजून झालेली नाही; ते एक मिनिट मागत आहेत आणि मी शून्य म्हणतो आहे. पुढची बैठक जूनमध्ये, पेरणीच्या आधी ठेवली आहे, आणि त्या बैठकीला काकूंनाही बोलावले आहे.